फिलिप मॉरिस विरुद्ध उरुग्वे : पाकिटावरच्या ऐंशी टक्के जागेचा खटला

तंबाखू नियंत्रणाची चर्चा बहुतेकदा कर किती वाढवला, बंदी कुठे घातली आणि किती लोकांनी सिगारेट सोडली, एवढ्यावरच थांबते. कायदा केल्यानंतर तो टिकवायला काय लागतं, याबद्दल फार कमी लिहिलं जातं. म्हणून उरुग्वेचं प्रकरण मुळापासून मांडावंसं वाटलं. साधारण ३४ लाख लोकसंख्येचा हा दक्षिण अमेरिकी देश. २०१० साली फिलिप मॉरिस इंटरनॅशनलची अबकारी करासह उलाढाल ६,७०० कोटी डॉलरच्या वर होती आणि उरुग्वेचं सबंध राष्ट्रीय उत्पन्न होतं ४,००० कोटी डॉलरच्या आसपास. या कंपनीने या देशाला आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचलं आणि निकाल लागायला सहा वर्षं गेली. उरुग्वे जिंकला. तो कशाच्या बळावर जिंकला आणि कुठे थोडक्यात बचावला, हे दोन्ही पाहायला हवं.

आधीची परिस्थिती

१ मार्च २००५ रोजी ताबारे वास्केस उरुग्वेचे राष्ट्राध्यक्ष झाले. ते पेशाने कॅन्सरतज्ज्ञ. आईवडील आणि बहीण या तिघांनाही त्यांनी कॅन्सरमध्ये गमावलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण आराखडा करार २००३ मध्ये संमत झाला होता आणि उरुग्वेने २००४ मध्येच त्याला मान्यता दिली होती. म्हणजे कागद आधीच तयार होता. तो राबवण्याची इच्छा असलेला माणूस आता खुर्चीवर आला.

१ मार्च २००६ पासून उरुग्वेत बंदिस्त सार्वजनिक जागा आणि कामाची ठिकाणं पूर्णपणे धूम्रपानमुक्त झाली. सबंध अमेरिका खंडात देशपातळीवर असं करणारा हा पहिला देश. बार, रेस्टॉरंट, कार्यालयं, कुठेही वेगळी ‘स्मोकिंग रूम’ ठेवायची सोय उरली नाही. मार्च २००८ मध्ये हे सगळे नियम १८,२५६ क्रमांकाच्या कायद्यात एकत्र आले. जाहिरातबंदी, प्रायोजकत्वावर बंदी, पाकिटाच्या किमान निम्म्या भागावर आरोग्याचा इशारा, ‘लाइट’ आणि ‘माइल्ड’सारख्या शब्दांना मनाई. इथपर्यंत कंपन्या कुरकुरत होत्या, पण खटल्याची भाषा कोणी करत नव्हतं.

दोन नियम

ठिणगी पडली ती पुढच्या दोन आदेशांमुळे.

पहिला आरोग्य मंत्रालयाचा, क्रमांक ५१४, १८ ऑगस्ट २००८ चा. एका ब्रँडचा एकच प्रकार विकायचा. मार्लबोरो हे नाव घ्यायचं तर त्या नावाखाली एकच सिगारेट बाजारात असेल. हा नियम तोपर्यंत जगात कुठेही नव्हता.

तो का आणावा लागला, हे समजायला सिगारेटच्या फिल्टरकडे जवळून पाहावं लागतं. ‘लाइट’ म्हणून विकल्या गेलेल्या सिगारेटच्या फिल्टरभोवती अगदी बारीक छिद्रांची एक रांग असते, डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी. यंत्रात लावून मोजलं की या छिद्रांतून हवा आत येते, धूर पातळ होतो आणि टार-निकोटीनचे आकडे कमी भरतात. माणूस मात्र यंत्रासारखी सिगारेट ओढत नाही. त्याच्या बोटांखाली किंवा ओठांत ती छिद्रं झाकली जातात. निकोटीन कमी पडतंय म्हटल्यावर तो नकळत झुरका खोल घेतो, जास्त वेळा घेतो. शरीरात विष जवळपास तेवढंच जातं. ‘लाइट’ ओढणाऱ्याला वाटतं की आपण निम्मी वाट चालून आलो, आता सोडली नाही तरी चालेल. आरोग्याच्या दृष्टीने खरं नुकसान या समजुतीने होतं, कारण सोडायची वेळ ती पुढे ढकलते.

शब्दांवर बंदी आल्यावर कंपन्यांनी रंग वापरायला सुरुवात केली. ‘लाइट’ गेलं आणि ‘गोल्ड’ आलं. उरुग्वेत मार्लबोरोची लाल, सोनेरी, निळी आणि हिरवी अशी चार पाकिटं शेजारीशेजारी मांडलेली असत. पाकिटावर काहीही न लिहिता ग्राहकाला कळायचं की लाल कडक आणि सोनेरी सौम्य. मंत्रालयाने ही रांगच मोडली. मार्लबोरोचं फक्त लाल पाकीट उरलं.

दुसरा आदेश राष्ट्राध्यक्षांचा, १५ जून २००९ चा. पाकिटाच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंचा खालचा ८० टक्के भाग सचित्र इशाऱ्याला द्यायचा. ब्रँडचं नाव, चिन्ह, रंगसंगती सगळं वरच्या २० टक्क्यांत बसवायचं. आराखडा करारातल्या शिफारशीनुसार इशारा ५० टक्के किंवा अधिक असावा, ३० टक्क्यांपेक्षा कमी तर नसावाच. ८० टक्के हा त्यावेळचा जगातला सर्वांत मोठा इशारा होता.

स्वित्झर्लंडचा रस्ता

१९ फेब्रुवारी २०१० रोजी कंपनीने जागतिक बँकेच्या छत्राखालच्या, वॉशिंग्टनमधल्या गुंतवणूक तंटा केंद्राकडे दावा दाखल केला. वास्केस यांची मुदत संपायला तेव्हा जेमतेम दहा दिवस उरले होते.

दावेदार होत्या फिलिप मॉरिस समूहाच्या स्विस कंपन्या आणि त्यांची उरुग्वेतली उपकंपनी अबाल एर्मानोस. समूहाचं मुख्यालय तेव्हा न्यूयॉर्कला, तरी दावा स्विस कंपन्यांच्या नावे होता, कारण उरुग्वे आणि स्वित्झर्लंड यांच्यात १९८८ साली परस्पर गुंतवणूक संरक्षणाचा करार झाला होता. अशा करारांत परकीय गुंतवणूकदाराला त्या देशाच्या सरकारविरुद्ध थेट आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाता येतं. विमानतळ जप्त झाला, खाण काढून घेतली, अशा प्रसंगांसाठी ही तरतूद असावी असं सर्वसाधारणपणे समजलं जातं. करारावर सही करणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात तेव्हा सिगारेटचं पाकीट असेल असं वाटत नाही. मजकूर मात्र तेवढा मोकळा होता. व्यापारचिन्ह ही मालमत्ता आणि ते वापरू न देणं ही एक प्रकारची जप्ती, अशी मांडणी कंपनीने केली. पुढे नुकसानभरपाईची मागणी सुमारे २ कोटी २० लाख डॉलरवर स्थिरावली.

फिलिप मॉरिससाठी ही रक्कम किरकोळच. भरपाईपेक्षा या दाव्यातून जाणारा संदेश कंपनीला जास्त मोलाचा होता, असं माझं मत आहे. ८० टक्क्यांचा इशारा एका लहान देशात टिकला, तर मोठे देश तोच कित्ता गिरवणार. तो पाडता आला किंवा नुसता महाग करून ठेवता आला, तरी बाकीचे दोनदा विचार करतील.

जुलै २०१०

या प्रकरणातला सर्वांत नाजूक क्षण लवादापुढे आलाच नाही. तो राजधानी माँटेव्हिडिओत, सरकारच्या आतच येऊन गेला. मार्च २०१० मध्ये होसे मुहिका राष्ट्राध्यक्ष झाले होते. पक्ष तोच, माणूस वेगळा. जुलैच्या सुमारास सरकारातून सूर निघू लागला की इशाऱ्याचा आकार थोडा कमी करावा, एका ब्रँडच्या एका प्रकाराचा नियम शिथिल करावा आणि खटला मिटवावा. यामागे भ्याडपणा होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. अशा खटल्यात वकिलांवर होणारा खर्च कोटी डॉलरच्या घरात जातो आणि हरलात तर भरपाई वेगळी. आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकातून एवढा पैसा काढायचा म्हणजे कुठलातरी दवाखाना किंवा लसीकरण मागे पडणार.

माघारीचा हा विचार बाहेर फुटला तेव्हा देशातले डॉक्टर आणि तंबाखूविरोधी संघटना खवळून उठल्या. वास्केस स्वतः जाहीरपणे विरोधात बोलले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आराखडा करारातल्या सदस्य देशांची चौथी परिषद उरुग्वेतच, पुन्ता देल एस्ते इथे भरली. तिथे देशांनी एकत्र येऊन जाहीरनामा काढला की सार्वजनिक आरोग्यासाठी नियम करण्याचा आपला हक्क आम्ही सोडणार नाही. न्यूयॉर्कचे तत्कालीन महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या प्रतिष्ठानाने खटल्याच्या खर्चासाठी मदत जाहीर केली. पॉल राइकलर यांच्यासारखे, लहान राष्ट्रांची बाजू मांडण्यात हयात घालवलेले वकील उभे राहिले. सरकारने पाऊल मागे घेतलं नाही.

पैसा बाहेरून आला नसता तर? मला वाटतं, तडजोड झाली असती. ८० चे ६०-६५ झाले असते, चारांपैकी दोन रंग परत आले असते आणि जगाने त्याची दखलही घेतली नसती.

लवादापुढे

लवाद तिघांचा होता. अध्यक्ष पिएरो बर्नार्दिनी, कंपनीने नेमलेले गॅरी बॉर्न आणि उरुग्वेने नेमलेले जेम्स क्रॉफर्ड.

पहिली फेरी अधिकारक्षेत्राची होती आणि ती उरुग्वे हरला. त्याचं म्हणणं होतं की स्वित्झर्लंडबरोबरच्या करारातच सार्वजनिक आरोग्याचा अपवाद आहे, शिवाय आरोग्याचं नुकसान करणाऱ्या धंद्याला विकासाला हातभार लावणारी गुंतवणूक कसं म्हणायचं? जुलै २०१३ मध्ये लवादाने दोन्ही मुद्दे फेटाळले. आरोग्याचा तो अपवाद गुंतवणूक देशात येऊ द्यायची की नाही एवढ्यापुरता आहे, एकदा ती आत आल्यावर नाही, असा अर्थ लवादाने लावला. खटला चालणार हे नक्की झालं. दरम्यान २०११ मध्ये अबालने उरुग्वेतला कारखाना बंद केला होता.

मुख्य सुनावणीत कंपनीचा भर पुराव्यावर होता. ५० टक्क्यांऐवजी ८० टक्के केल्याने सिगारेट कमी विकली जाते हे दाखवणारा अभ्यास उरुग्वेने केला होता का? एका ब्रँडचा एकच प्रकार ठेवल्याने लोक सिगारेट सोडतात, याचा कुठे दाखला आहे का? जगात कुठेच नसलेला नियम लावण्याआधी कुणी त्याची तपासणी केली होती का? हे प्रश्न सहज झटकून टाकण्याजोगे नव्हते. उरुग्वेकडे स्वतःचा असा अभ्यास नव्हता आणि नियम ठरवतानाच्या बैठकांची कागदपत्रंही तुटपुंजी होती.

इथे आराखडा करार उपयोगी पडला. जागतिक आरोग्य संघटना आणि कराराचं सचिवालय यांनी मिळून, आणि पॅन अमेरिकन आरोग्य संघटनेने स्वतंत्रपणे, लवादापुढे लेखी निवेदनं दिली. ‘लाइट’ सिगारेटची फसवणूक, मोठ्या सचित्र इशाऱ्यांचा परिणाम, पाकिटाच्या रंगांतून होणारी दिशाभूल यांबद्दल जगभर जमा झालेलं ज्ञान त्यांत होतं.

८ जुलै २०१६ रोजी निकाल आला आणि कंपनीचे सगळे दावे फेटाळले गेले. निकालपत्र मोठं आहे, पण माझ्या मते त्यातल्या तीन गोष्टी पुढच्या प्रत्येक देशासाठी मोलाच्या आहेत.

व्यापारचिन्हाची नोंदणी झाली म्हणजे ते बाजारात वापरण्याचा अनिर्बंध हक्क मिळाला असं होत नाही. दुसऱ्याने ते वापरू नये एवढं रोखण्याचा हक्क मिळतो. ब्रँडचं नाव वरच्या २० टक्क्यांत दिसतच होतं, मार्लबोरो विकली जातच होती, २०११ नंतर अबालचा नफा वाढल्याचंही लवादाने नोंदवलं. मग जप्ती झाली असं कसं म्हणणार? या मुद्द्यावर तिघांचं एकमत होतं.

कंपनीची ‘वाजवी अपेक्षा’ भंगली, हा दुसरा दावा. लवादाचं उत्तर सरळ होतं. सिगारेटच्या घातकपणाबद्दल जगभर एवढी चिंता व्यक्त होत असताना उत्पादकाने कुठली अपेक्षा धरायला हवी होती, तर नियम दिवसेंदिवस कडक होत जाण्याची.

आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तांत्रिक आणि आर्थिक साधनं मर्यादित असलेल्या देशाने प्रत्येक नियमासाठी स्वतःचा अभ्यास करायलाच हवा असं नाही. आराखडा करारातून, त्यातल्या वैज्ञानिक सहकार्यातून मिळालेल्या ज्ञानावर तो विसंबू शकतो. प्रयोगशाळा आणि संशोधन निधी नसलेल्या देशांना या एका मुद्द्याने केवढा आधार दिला, याची कल्पना आरोग्य खात्यात काम केलेल्यांना लगेच येईल.

खर्चाचा हिशेबही बोलका आहे. उरुग्वेचा खर्च झाला सुमारे १ कोटी डॉलर, कंपनीचा सुमारे १ कोटी ७० लाख. लवादाने कंपनीला उरुग्वेच्या खर्चापोटी ७० लाख डॉलर आणि लवादाचा स्वतःचा खर्च भरायला सांगितलं. म्हणजे पूर्ण जिंकूनही उरुग्वेच्या बाजूने ३० लाखांहून अधिक गेलेच.

बॉर्न यांचं भिन्नमत

तंबाखूविरोधी वर्तुळात हे भिन्नमत फारसं वाचलं जात नाही. कंपनीने नेमलेला माणूस कंपनीच्या बाजूनेच बोलणार, एवढ्यावर विषय संपवला जातो. हे मला पटत नाही.

८० टक्क्यांच्या इशाऱ्यात बॉर्न यांना अन्याय दिसला नाही. त्यांचा आक्षेप एका ब्रँडचा एकच प्रकार या नियमावर होता. हा नियम आराखडा करारात नाही, दुसऱ्या कुठल्या देशात नाही, तो ठरवताना काय विचार झाला याची नोंद नाही आणि तो उद्दिष्टाला नेमका लागू पडतही नाही. दिशाभूल न करणारे प्रकारही त्यात अडकतात आणि वेगळं नाव पण तशीच वेशभूषा असलेली जोडपाकिटं त्यातून सुटतात. उरुग्वेतल्या इशाऱ्याबाबत दोन सर्वोच्च न्यायसंस्थांनी एकाच कायद्याचे परस्परविरोधी अर्थ लावले, आणि कंपनीला वर दाद मागायला जागा उरली नाही, हाही त्यांचा आक्षेप होता. बहुमताने ही गोष्ट आश्चर्याची पण अन्यायाच्या पातळीला न जाणारी मानली.

नियमाच्या योग्यतेबद्दल मी बहुमताच्या बाजूने आहे. फिल्टरच्या त्या छिद्रांची गोष्ट ठाऊक असलेल्या कोणालाही सोनेरी पाकिटातली फसवणूक समजावून सांगावी लागू नये. पण नोंदींबद्दल बॉर्न बरोबर बोलतात. बैठकीचं नीट इतिवृत्त, कोणकोणते पर्याय पाहिले आणि का सोडले याची दोन पानं, कुठल्या संशोधनावर भिस्त ठेवली याची यादी, एवढं फाइलमध्ये असतं तर या भिन्नमताचा निम्मा पाया ढासळला असता. तिघांपैकी आणखी एकाला तसंच वाटलं असतं तर त्या नियमावर उरुग्वे हरला असता. नव्या वाटेने जाणाऱ्या आरोग्य खात्याने आदेश काढण्याआधी कारणं लिहून ठेवावीत, ही गोष्ट कारकुनी वाटते, पण उद्या लवादापुढे तीच कामी येते.

थांबलेले देश

सहा वर्षांची खरी किंमत उरुग्वेच्या बाहेर मोजावी लागते. ऑस्ट्रेलियाने २०११ मध्ये साध्या वेष्टनाचा कायदा केला. सगळी पाकिटं एकाच मळकट रंगाची, ब्रँडचं नाव ठरावीक ठशात. फिलिप मॉरिसने तिथेही तोच मार्ग धरला, या वेळी हाँगकाँगच्या कंपनीमार्फत. कायदा येणार हे माहीत झाल्यावर समभाग त्या कंपनीकडे वळवले गेले होते, म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने हा प्रक्रियेचा गैरवापर ठरवून दावा दारातच थांबवला.

न्यूझीलंडने २०१३ मध्ये साध्या वेष्टनाची घोषणा केली, पण ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कायदेशीर आव्हानांचं काय होतं ते पाहूनच पुढे जायचं ठरवलं. तिथला कायदा संमत झाला सप्टेंबर २०१६ मध्ये. श्रीमंत, स्थिर, उत्तम न्यायव्यवस्थेचा देश तीन वर्षं थांबला. वकिलांचे पैसे कुठून आणायचे हाच ज्यांचा पहिला प्रश्न, अशा देशांत किती मसुदे टेबलावरून खाली गेले असतील, याची नोंद कुठल्याच निकालपत्रात सापडणार नाही. मार्च २०१५ मध्ये ब्लूमबर्ग आणि गेट्स प्रतिष्ठानांनी अशा देशांसाठी ४० लाख डॉलरचा खटला-निधी उभा केला, तो हे ओळखूनच. त्याच वर्षी ठरलेल्या पॅसिफिक पल्याडच्या भागीदारी करारात (ट्रान्स-पॅसिफिक पार्टनरशिप), तंबाखूविषयक नियमांना अशा लवादातून वगळण्याची मुभा सदस्य देशांना देणारं कलम आलं.

उरुग्वेत काय झालं

२०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २००५ ते २०११ या काळात उरुग्वेत दरडोई सिगारेटचा खप वर्षाला ४.३ टक्क्यांनी घटत गेला, तर शेजारच्या अर्जेंटिनात तो किंचित वाढत होता. १३ ते १७ वयाच्या शाळकरी मुलांमधलं धूम्रपान वर्षाला ८ टक्क्यांनी कमी होत गेलं. धूम्रपानमुक्त जागांच्या नियमानंतरच्या दोन वर्षांत हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या २२ टक्क्यांनी घटल्याचं आणखी एका अभ्यासात दिसलं. प्रौढांमधलं प्रमाण २००९ च्या सर्वेक्षणात २५ टक्के होतं, २०१७ मध्ये २१.६. प्रौढांमधली घट संथ आहे आणि त्यात एकट्या पाकिटाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. कर, जाहिरातबंदी, सोडायला मदत करणारी केंद्रं, सगळं एकाच वेळी चालू होतं. मुलांमधली घट मात्र मोठी आहे, आणि रंगीत पाकिटांचा डोळा मुलांवरच असतो.

वास्केस २०१५ मध्ये पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले, त्यामुळे निकाल आला तेव्हा तेच पदावर होते. २०१८ च्या अखेरीस उरुग्वेने साध्या वेष्टनाचाही कायदा केला. डिसेंबर २०२० मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने त्यांचं निधन झालं.

त्यानंतरचा भाग या विजयाच्या कहाण्यांत सहसा सांगितला जात नाही. मार्च २०२१ मध्ये नव्या सरकारने तंबाखू गरम करून ओढण्याच्या उपकरणांवरची बंदी सैल केली. सप्टेंबर २०२२ मध्ये साध्या वेष्टनाचे नियमही एका आदेशाने शिथिल केले. त्यासाठी कोणाला वॉशिंग्टनला जावं लागलं नाही, कुठल्या कराराचा आधार घ्यावा लागला नाही. तस्करीचं कारण आणि देशातल्याच सिगारेट उद्योगाचा आग्रह एवढं पुरलं. २०१० मध्ये खवळून उठलेले डॉक्टर आणि संघटना पुन्हा विरोधात उभ्या राहिल्या. या वेळी समोर परकी कंपनी नव्हती, आणि बाहेरून मदतीला धावून येणारंही फारसं कोणी नव्हतं.